वाटलेले टॅब आणि चालणारे टॅब

शाळांना संगणक देण्याच्या सरकारी योजनांना आपल्याकडे चाळीस वर्षे होऊन गेली. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या प्रकल्पाखाली निवडक शाळांत बीबीसी मायक्रो जातीचे संगणक बसवले. २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी ‘आयसीटी ॲट स्कूल’ ही योजना आली. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ टॅबचा गाजावाजा झाला. २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. करोनाच्या साथीनंतर ‘महाज्योती’ संस्थेने इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा देऊ केला.

अशा योजनांचे यश सहसा एकाच आकड्यात सांगितले जाते, तो म्हणजे किती नग वाटले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला हा आकडा खटकतो. औषध किती लोकांना दिले यावरून रोग किती बरा झाला हे कळत नाही. त्यासाठी दुसरेच काही मोजावे लागते. शाळेतल्या टॅबच्या बाबतीत ते ‘दुसरे काही’ कोणते, आणि ते न मोजल्यामुळे बीडसारख्या जिल्ह्याचे काय नुकसान होते, हे येथे पाहायचे आहे.

उपलब्धतेचे गणित

कोणत्याही यंत्राची ‘उपलब्धता’ काढण्याची एक साधी रीत अभियंते वापरतात. यंत्र दोन बिघाडांच्या मध्ये सरासरी जितके दिवस चालते, त्याला चालणे अधिक बंद राहणे या एकूण दिवसांनी भागायचे.

आता दोन काल्पनिक टॅब घेऊ. पहिला महागडा आहे. तो सरासरी ६०० दिवसांनी बिघडतो, पण दुरुस्त होऊन यायला ३०० दिवस लागतात. त्याची उपलब्धता ६०० भागिले ९००, म्हणजे ६७ टक्के. दुसरा स्वस्त आहे. तो २०० दिवसांतच बिघडतो, पण १० दिवसांत दुरुस्त होऊन येतो. त्याची उपलब्धता २०० भागिले २१०, म्हणजे ९५ टक्के. तिप्पट टिकाऊ टॅब हरला आणि लवकर दुरुस्त होणारा जिंकला.

खरेदीच्या निविदेत आपण पडद्याचा आकार, मेमरी, प्रोसेसर यांवर पानेच्या पाने लिहितो. दुरुस्ती किती दिवसांत आणि कुठे होईल, हे मात्र एखाद्या कलमात उरकतो. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. पश्चिमेच्या आष्टीतल्या किंवा पूर्वेच्या परळीतल्या वस्तीशाळेच्या शिक्षकाने बिघडलेला टॅब पिशवीत घालून जिल्ह्याच्या गावी जायचे, तर एक दिवसाची रजा गेली. तेथून तो पुण्या-मुंबईच्या सेवाकेंद्राकडे जाणार असेल, तर ३०० दिवसांचा आकडा अतिशयोक्त वाटणार नाही. दर ४० टॅबमागे ४ जादा टॅब पंचायत समितीच्या पातळीवर ठेवावेत, बिघडलेला घेऊन चालू टॅब त्याच दिवशी द्यावा आणि दुरुस्ती मागाहून व्हावी, एवढ्या व्यवस्थेने वर्गापुरता बंद काळ जवळजवळ शून्यावर येतो.

यंत्रांचे बिघाड सुरुवातीला काही जास्त, मधल्या काळात कमी आणि म्हातारपणी पुन्हा जास्त असतात. माध्यमिक शाळांच्या संगणककक्षांसाठी वापरलेली ‘बूट’ पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कंत्राटदाराने कक्ष उभारायचा, काही वर्षे शिक्षकासह चालवायचा आणि मुदत संपल्यावर यंत्रे शाळेच्या हवाली करायची. म्हणजे बिघाड कमी असतात त्या काळात देखभाल करणारा माणूस हजर, आणि बिघाड वाढू लागले की माणूस गेला व यंत्रे शाळेच्या गळ्यात. शिवाय सॉफ्टवेअरलाही वय असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला मिळणारा नियमित आधार संपला. त्यानंतरची आवृत्ती जुन्या लॅपटॉपपैकी अनेकांवर चढतच नाही. यंत्र धडधाकट असूनही निकामी ठरण्याचा हा प्रकार खरेदीच्या वेळी हिशेबात धरलेला नसतो.

कपाटातले रसायनशास्त्र

टॅबमधली लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होते. पूर्ण भारित बॅटरी ४० अंश सेल्सियस तापमानात वर्षभर ठेवली, तर तिची क्षमता मूळच्या सुमारे ६५ टक्क्यांवर येते. तीच बॅटरी ४० टक्के भारित करून ठेवली तर सुमारे ८५ टक्के क्षमता शिल्लक राहते. तापमान २५ अंश असेल तर हेच आकडे अनुक्रमे ८० आणि ९६ टक्के होतात. भार जास्त असताना आणि उष्णतेत आतल्या नकोशा रासायनिक अभिक्रिया वेगाने होतात, हे त्याचे कारण.

उलट टोकही वाईट. पूर्ण उतरलेला टॅब महिनोन्‌महिने तसाच पडला, तर घटाचा दाब सुमारे अडीच व्होल्टच्या खाली जातो, संरक्षक मंडल बॅटरी तोडते आणि जूनमध्ये चार्जर लावला तरी टॅब उठत नाही.

बीडमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीतले लोखंडी कपाट म्हणजे भट्टीच. सुट्टीपूर्वी टॅब निम्मे भारित करून, बंद करून, इमारतीतल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावेत, एवढी सूचना द्यायला पैसा लागत नाही. टॅबच्या खोक्यात मात्र ती क्वचितच सापडते.

विजेचा हिशेबही करून पाहावा. ५००० मिलिॲम्पिअर-तास आणि ३.७ व्होल्ट म्हणजे १८.५ वॅट-तास. भारित करताना होणारी गळती धरून २५ म्हणू. असे ४० टॅब पूर्ण भारित करायला १००० वॅट-तास, म्हणजे एक युनिट वीज लागते. खर्च किरकोळ आहे. प्रश्न वेळेचा आहे. तीन तास सलग वीज हवी, ४० खटके हवेत आणि त्या वेळी तेथे थांबणारा माणूस हवा. दोनशिक्षकी शाळेत तो माणूस कोण, हे आदेशात लिहिलेले नसते.

कुलूप आणि जडसंग्रह

लॉस एंजेलिसच्या शालेय जिल्ह्याने २०१३ मध्ये एक अब्ज डॉलरहून मोठ्या योजनेतून प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्यास सुरुवात केली. काही दिवसांतच सुमारे ३०० विद्यार्थ्यांनी त्यावरचे नियंत्रण पुसून टाकून हवी ती संकेतस्थळे उघडली. गोंधळ वाढत गेला आणि पुढच्या वर्षी ती योजना आवरती घ्यावी लागली. टॅब दुरून नियंत्रित करणारी सॉफ्टवेअर आज पुष्कळ सुधारली आहेत. कोणती ॲप चालावीत हे ठरवणे, हरवलेला टॅब बंद करणे, शेकडो टॅबवर एकदम नवे धडे पाठवणे त्यांमुळे शक्य होते. परंतु त्यांना वार्षिक परवाना, अधूनमधून तरी इंटरनेट आणि जिल्हा पातळीवर एक जाणता माणूस लागतो. परवाना संपला की टॅब एकतर मोकाट सुटतो किंवा कायमचा कुलूपबंद होतो.

आपल्याकडचे खरे कुलूप वेगळेच आहे. टॅब जडसंग्रह नोंदवहीत चढतो. तो फुटला किंवा हरवला तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर येण्याची भीती असते. तो वर्षभर कपाटात राहिला तर कोणी जाब विचारत नाही. अशा हिशेबपद्धतीत टॅब मुलांच्या हाती न देणे हाच शहाणपणा ठरतो. याचा दोष शिक्षकांना देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटणार हे आपण गृहीत धरतो आणि वर्षाला काही नळ्या निर्लेखित करतो. टॅबसाठीही मान्य मोडतोडीचे प्रमाण आधीच ठरवून द्यायला हवे. निकामी झालेल्यांसाठी २०२२ चे ई-कचरा नियम आहेतच. तो माल भंगारवाल्याच्या गाडीवर जाऊ नये.

ऊसतोडीच्या मुलांचा टॅब

बीडमध्ये आणखी एक प्रश्न आहे. तो लॉस एंजेलिसच्या व्यवस्थापकांना सुचणार नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. तरी बरीच मुले आईबापांबरोबर कोपीवर जातात. टॅबची नोंद शाळेच्या नावावर आणि मूल कारखान्याच्या फडावर, अशी स्थिती वर्षातले पाच-सहा महिने असते. ज्याची शाळा सर्वांत जास्त बुडते, त्याच्यासाठीच टॅब कपाटात राहतो.

स्थलांतरित मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. त्या पत्रकावरच टॅबची नोंद करून तो मुलाबरोबर का जाऊ नये? इंटरनेटशिवाय चालणारे धडे त्यात आधी भरून देता येतात. कोपीवर वीज नसते, पण जवळच्या शाळेत किंवा कारखान्याच्या आवारात आठवड्यातून दोनदा तो भारित करता येईल. काही टॅब हरवतील. ते गृहीत धरून योजना आखणे हेच व्यवस्थापन.

टॅब चालले म्हणजे मुले शिकलीच, असेही नाही. पेरू देशात आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. तेथील ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर मुलामागे संगणक ०.१२ वरून १.१८ झाले, पण गणित आणि भाषा यांतली प्रगती इतर शाळांइतकीच राहिली. त्याच जातीच्या लॅपटॉपचा छोटा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट येथेही झाला होता. आपल्याकडे, ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता; आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. यंत्राची ओळख करून देणे हे आता शाळेचे मुख्य काम उरलेले नाही. त्यावर काय करावे, हे शिकवणारा शिक्षकच लागतो, आणि चार्जिंगची राखण करण्यात त्याचा वेळ जाता कामा नये.

शिक्षकांना यात लगेच करता येण्याजोगे एक काम आहे. नववीच्या चार विद्यार्थ्यांना एक वही द्यावी. रोज किती टॅब चालू होते, किती बंद, कोणत्या कारणाने आणि प्रत्यक्ष किती मिनिटे वापरले, एवढे चार रकाने. तीन महिन्यांनी त्यावरून उपलब्धता काढावी आणि आलेख भिंतीवर लावावा. गणिताचा हा चांगला प्रकल्प होईल. शिवाय पुढच्या वेळी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीत ‘टॅब मिळाले का?’ असे विचारले गेले, तर शाळेपाशी ‘मिळाले’ याहून अधिक नेमके उत्तर असेल.