‘२१’: बेनला फरक का पडायला हवा होता

रॉबर्ट लुकेटिकचा ‘२१’ (२००८) तुम्ही पाहिला असेलच. एमआयटीची पोरं पत्ते मोजून लास व्हेगासच्या कसिनोंमधून पैसा काढतात, तो. मी संभाव्यता शिकवते, आणि दर वर्षी कुणीतरी त्यातला वर्गाचा प्रसंग काढतंच. माझी तक्रार तिथलीच आहे.

तीन दारं, एकामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक निवडता. सगळं ठाऊक असलेला सूत्रधार दुसरं दार उघडून बकरी दाखवतो. निवड बदलाल? बेन म्हणतो, बदलेन. ठीक. मग प्राध्यापक विचारतो, सूत्रधार तुला फसवत असेल तर? बेनचं म्हणणं, मला त्याची पर्वा नाही, माझं उत्तर सांख्यिकीवर उभं आहे. प्राध्यापक खूश!

अहो, पर्वा करायलाच हवी. तो दर वेळी न निवडलेलं, बकरीचंच दार उघडणार असेल, तरच बदलून गाडी मिळण्याची शक्यता दोन तृतीयांश. त्याने अंदाजाने उघडलं आणि योगायोगाने बकरी निघाली, तर निम्मी-निम्मी. आणि तुम्ही गाडी निवडलीत तेव्हाच तो उघडत असेल, तर बदलणारा दर वेळी बकरी घेऊनच घरी जाणार.

गंमत म्हणजे सिनेमाचा सगळा खेळ याच अवलंबित्वावर चालतो. ५२ पत्त्यांत ४ एक्के आणि दहाच्या किमतीचे १६. पहिल्या दोन पत्त्यांत ब्लॅकजॅक लागण्याची शक्यता २ × ४/५२ × १६/५१, म्हणजे सुमारे ४.८ टक्के. तो ५१ बघा. उचललेला पत्ता परत जात नाही. आता दुर्री ते छक्कीतले दहा पत्ते आधीच पडून गेलेत असं धरा. २ × ४/४२ × १६/४१, म्हणजे ७.४ टक्के. डीलरलाही शक्यता तेवढीच, पण जुन्या नियमाने तुमच्या ब्लॅकजॅकवर दीडपट मिळतात, त्याच्यावर तुमची फक्त पैज जाते. मग पैज वाढवायची ती इथे. एडवर्ड थॉर्पने १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ लिहून हे जगजाहीर केलं. माझी मावशी मेंढीकोटात कुठली मेंढी अजून पडायची आहे हे थॉर्प न वाचताच सांगते.

पडद्यावर मात्र सूट, खुणा आणि सांकेतिक शब्द. (ज्याच्यावर बेन बेतला तो जेफ मा आशियाई वंशाचा, भूमिका मिळाली जिम स्टर्जेसला. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती रास्तच होती.)

केविन स्पेसीने तो फसवण्याचा प्रश्न मात्र झकास टाकलाय. पुन्हा पाहाल तेव्हा तिथेच सिनेमा थांबवा आणि बेनच्या आधी तुम्ही उत्तर द्या.