इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ : उगम आणि प्रयोग

इंग्रजी वाक्प्रचारांची स्वतंत्र मीमांसा करणाऱ्या ग्रंथांत लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ (१९२५) या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. दर्यावर्दी, सैनिक, शिकारी, शेतकरी, स्वयंपाकघर अशा जीवनक्षेत्रांनुसार वाक्प्रचारांची वर्गवारी करून, भाषेतील हे धन विद्वानांच्या अभ्यासिकेत नव्हे तर कष्टकऱ्यांच्या बोलण्यात निर्माण झाले, हे स्मिथ यांनी दाखवून दिले. तथापि या वर्गवारीचा आधार घेणारा मराठी अभ्यासक पुष्कळदा अशा समजुतीत राहतो की, उगम कळला म्हणजे अर्थ कळला. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘रेड हेरिंग’ हा प्रयोग घ्यावा. खारवून, धुरी देऊन तांबूस केलेल्या या उग्र वासाच्या माशाने शिकारी कुत्र्यांचा माग चुकविला जाई, असे सांगून तो सर्रास शिकारीच्या वर्गात घातला जातो. परंतु त्याचा लाक्षणिक अर्थ रूढ झाला तो मुख्यतः विल्यम कॉबेट या पत्रकारामुळे. लहानपणी आपण असा मासा ओढत नेऊन कुत्र्यांना सशाच्या मागावरून भलतीकडे नेले, अशी गोष्ट कॉबेटने १८०७ मध्ये आपल्या ‘पोलिटिकल रजिस्टर’मध्ये सांगितली. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीने भुलून स्वदेशातील महत्त्वाचे प्रश्न विसरणाऱ्या वृत्तपत्रांवर त्याचा रोख होता. म्हणजे या वाक्प्रचाराचे खरे क्षेत्र रान नव्हे, वादविवाद होय. आणि आजही मूळ मुद्द्यावरून लक्ष उडविणाऱ्या युक्तिवादासाठीच तो योजला जातो.

‘किक द बकेट’ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्राम्य भाषेच्या कोशात तो ‘मरणे’ या अर्थाने नोंदविला आहे. येथील ‘बकेट’ म्हणजे बादली, की मारलेले डुक्कर टांगण्याचे आडवे लाकूड, याविषयी मतभेद आहेत. परंतु या वादाचा निकाल कसाही लागला तरी अर्थात तिळमात्र फरक पडत नाही. फरक पडतो तो सुराने. मराठीत ‘गचकणे’, ‘राम म्हणणे’ आणि ‘कैलासवासी होणे’ या तिन्हींचा कोशगत अर्थ एकच. पण शोकसभेत पहिला प्रयोग करणाऱ्यास कोणीही क्षमा करणार नाही. ‘किक द बकेट’ हा ‘गचकणे’च्या पंक्तीत बसणारा आहे. त्याचे भाषांतर ‘कैलासवासी झाले’ असे करणाऱ्याने शब्दार्थ राखला आणि वाक्य मात्र बिघडविले, असेच म्हणावे लागेल.

प्रतिमेवर विसंबण्यातही असाच धोका आहे. ‘लेट डाउन वन्स हेअर’ म्हणजे संकोच सोडून मनमोकळे वागणे. वेणीसंहाराची कथा परिचित असलेल्या मराठी वाचकापुढे मात्र मोकळ्या केसांनी द्रौपदीचा संताप उभा राहतो. चित्र तेच, पण त्याभोवतीचा संस्कार निराळा.

आणि जेथे चित्रच नाही तेथे काय करावे? ‘पुट अप विथ’ यातील तिन्ही शब्द सुटे सुटे समजले तरी ‘सहन करणे’ हा अर्थ हाती लागत नाही. अशा क्रियापदांचे महत्त्व स्मिथ यांनी ओळखले होते, हे त्यांच्या श्रेयात नोंदविले पाहिजे. परंतु व्यवसायवार वर्गीकरणाचे सूत्र येथे लागू पडत नाही. मार खाणे, पैसे खाणे, हाय खाणे, भाव खाणे हे प्रयोग मराठी मूल ‘खाणे’ या धातूचा इतिहास विचारून शिकत नाही. कोण, कोणाविषयी, कोणत्या प्रसंगी ते बोलतो, हे ऐकून शिकते.

उगमाचे संशोधन यामुळे व्यर्थ ठरत नाही. कॉबेटच्या उदाहरणात खऱ्या इतिहासानेच प्रयोगाची दिशा दाखविली. मात्र तो इतिहास अर्थाचा साक्षीदार होय, न्यायाधीश नव्हे. मराठी विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या वाक्प्रचारकोशांनी प्रत्येक नोंदीत अर्थाबरोबरच सूर, प्रसंग आणि वक्ता–श्रोता यांचे नाते सांगितले पाहिजे, आणि उगमाची कथा त्यानंतर. हा क्रम उलटला की विद्यार्थ्याला मनोरंजक कथा पाठ होतात आणि इंग्रजी वाक्य मात्र परकेच राहते.