रेघ कुणी मारली?

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. पांढरपेशा जगाची हद्द ओलांडल्यावर या कवितेचा मुलूख लागतो, पांढरपेशांच्या लेखी ती ‘नो मॅन्स लँड’, असं तेंडुलकर मांडतात. ‘पांढरपेशांच्या लेखी’ हे शब्द मोलाचे. पुढं लोकांनी नेमके तेच गाळले. नो मॅन्स लँड तेवढी उरली.

नो मॅन्स लँड म्हणजे दोन हद्दींमधली बेवारस जमीन. कामाठीपुरा बेवारस कधी होता? तिथं बाया धंदा करतात, हमाल झोपतात, पोरं जन्मतात, हप्ते वसूल होतात. तिथं माणसंच नाहीत असं कोण म्हणतो? ज्याच्या हिशेबात ती माणसं धरलेलीच नाहीत, तो.

खेड्यात दोन रेघा असत. एक शीव, दुसरी गावकूस. शिवेच्या आत गावाची सगळी जमीन. कुसाच्या आत फक्त स्पृश्यांची घरं. महारवाडा शिवेच्या आत, पण कुसाच्या बाहेर. शिवेचा तंटा उठला की साक्ष महाराची, कारण हद्दीचा दगड न् दगड त्याला पाठ. म्हणजे गावाची रेघ राखायची त्यानं, आणि राहायचं रेघेपल्याड. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं. गावकुसंही ढासळली. वस्ती मात्र जागची हलली नाही.

मराठी साहित्यात हेच चाललंय. दलित साहित्यानं मराठी समृद्ध केली, असं म्हणून शिवेच्या आत घ्यायचं, आणि इतिहास लिहिताना शेवटी एक वेगळं प्रकरण द्यायचं. राबणं आत, घर बाहेर.

मग ‘दलित’ हे नावच टाकावं काय? मुळीच नाही. १९५८ सालीच मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. नाव आपण घेतलं. आपली रेघ सांगते, आम्ही इथून बोलतो. त्यांची रेघ सांगते, तिथंच थांबा. दोन्ही दिसायला सारख्या, म्हणून फसू नका. मारणारा हात बघा.

आणि हाच न्याय आपल्यालाही लावा. महारवाडा-मांगवाड्यातली रेघ राखायला बामण रोज येतो व्हय? लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’तलं (१९८०) कैकाड्याचं बिऱ्हाड तर शिवेच्याही बाहेरचं. गाढवावर संसार, हद्दीचे दगड पाठ करायला गावच नाही. त्यांना आपल्या अंकांत किती पानं मिळतात? आधी ती मोजू. मग प्रस्थापितांशी भांडू.