सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न

ख्रिस्ती नरककल्पनेवर आपल्याकडे होणारी टीका बहुधा अग्नीच्या वर्णनापाशी थांबते. ती आम्हांस अपुरी वाटते. मज्झिमनिकायातील देवदूतसुत्तातील निरयाची वर्णने काही कमी भयंकर नाहीत. खरा प्रश्न यातनांच्या स्वरूपाचा नसून, त्या कोणाच्या कर्मासाठी आणि कोठवर, हा आहे.

या बाबतीत ख्रिस्ती पक्षाचे समर्थ विवेचन संत ऑगस्टीन (354-430) यांच्या ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात आढळते. अल्पकाळात घडलेल्या पापाला अनंत शिक्षा कशी, या आक्षेपावर ते म्हणतात की, लौकिक कायदाही गुन्ह्यास लागलेल्या वेळेवरून शिक्षेचा काळ ठरवीत नाही. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानात (25:46) शिक्षा व जीवन या दोहोंस ‘सार्वकालिक’ हे एकच विशेषण आहे. एकास अंत मानल्यास दुसऱ्यासही मानावा लागेल.

ज्यास शास्त्रवचन प्रमाण आहे, त्याला दुसरा युक्तिवाद सहज टाळता येणार नाही. पहिला मात्र टिकत नाही. शिक्षेचा काळ गुन्ह्याच्या काळाइतका असण्याचे कारण नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. तो अमर्याद असावा, हे सिद्ध होत नाही. बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेल्या अर्भकाचा विचार करताच ही उणीव उघडी पडते. त्याने स्वतः काहीच केलेले नसते. तरीही मूळ पापामुळे ऑगस्टीन त्यास दंडमुक्त करीत नाहीत, केवळ त्याचा दंड सर्वांत सौम्य ठरवितात.

ही अडचण ख्रिस्ती विचारवंतांना जाणवलीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या शतकात ऑरिजेनने शिक्षेस शुद्धीचे साधन मानून अखेर सर्वांच्या पुनःस्थापनेची आशा बाळगली; सहाव्या शतकात चर्चने त्याचा निषेध केला. मध्ययुगीन पंडितांनी अर्भकांसाठी यातनारहित ‘लिंबो’ कल्पिला. 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाने अशा अर्भकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार असल्याचे सांगितले. अपत्य गमावलेल्या मातापित्यांना हे ऐकण्यास शतकानुशतके थांबावे लागले, हे विसरता येत नाही.

निरय हे प्रत्यक्ष स्थळ मानावे की नाही, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु देवदूतसुत्तातील यम पापकर्त्यास बजावतो ते हेच की, हे कर्म त्याच्या मातेचे वा पित्याचे नसून त्याचे स्वतःचे आहे. आणि त्या कर्माचा क्षय होताच निरयही संपतो. ऑगस्टीनच्या न्यायात या दोन्ही मर्यादा नाहीत. आमचा आक्षेप आहे तो येथे.