हरणाऱ्याच्या हातची तलवार

हॉलिवूडचा नट बॅझिल रॅथबोन पडद्यावरच्या तलवारबाजीत जवळजवळ नेहमीच हरला. १९३५च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्ये एरॉल फ्लिनशी लढताना तो समुद्राच्या फेसात आडवा झाला. १९३८च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये पुन्हा फ्लिननेच त्याला नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात लोळवलं, आणि १९४०च्या ‘द मार्क ऑफ झोरो’मध्ये टायरन पॉवरने त्याचा निकाल लावला. १९३६च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये टिबाल्ट म्हणून त्याने मर्क्युशिओला मारलं, तेवढीच काय ती कमाई, तिथेही थोड्याच वेळात रोमिओने हिशेब चुकता केला. गंमत अशी, की तलवारबाजीची विद्या म्हणून जी काही असते ती या सगळ्या मंडळींत त्यालाच सर्वांत चांगली येत होती. फ्लिन अंगाने चपळ, दिसायला देखणा, पण सरावाचा त्याला कंटाळा. पॉवर आपल्यासमोर आलेल्यांत सर्वांत सफाईदार आणि फ्लिनला सहज भारी पडला असता, असं खुद्द रॅथबोनचं मत होतं.

हॉलिवूडच्या जुन्या पोशाखी साहसपटांची किल्ली मला या हरणाऱ्या माणसात सापडते. लढत उभी करायची ती खलनायकाने. अंतर तो राखतो, वेग तो ठरवतो, नायकाचा वार नेमका कुठे यावा म्हणजे चांगला दिसेल हे तो जाणतो. साथीला जाणता तबलजी असला की मध्यम गवय्याची मैफलही रंगते, तसंच हे. हे चित्रपट आज ऐंशी-नव्वद वर्षांनीही पाहवतात त्याचं श्रेय लोक नायकाच्या रुबाबाला, नाहीतर ‘तेव्हाचं सगळं कसं निर्मळ’ या भाबड्या समजुतीला देतात. मला ते पटत नाही. तेव्हाचं सगळं निर्मळ नव्हतं, त्याकडे पुढे येतो. टिकली ती कारागिरी. दोन माणसं लढताना आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत दिसतात आणि लढता लढता त्यांचे स्वभाव उघडे पडतात.

‘झोरो’मधलीच लढत घ्या. दिग्दर्शक रूबेन मामूलियन. जागा अगदी छोटी: लॉस एंजेलिसच्या अल्काल्देची, म्हणजे तिथल्या कारभाऱ्याची कचेरी, एक मेज, दोन-चार खुर्च्या, मेणबत्त्या. रॅथबोनचा कॅप्टन एस्तेबान जाता-येता हातात तलवार खेळवत राहणारा, तिच्याशिवाय हाताला चैन नसलेला. पॉवरचा दिएगो तोपर्यंत नाकाला रुमाल लावून हिंडणारा, कसल्याही दगदगीने थकणारा छैला. दोघे समोरासमोर येतात. एस्तेबान मेणबत्तीवर तलवार चालवतो आणि तिचा शेंडा उडवतो. दिएगो दुसऱ्या मेणबत्तीवर वार करतो. मेणबत्ती जागची हलत नाही, ज्योतही तशीच. एस्तेबान छद्मी हसतो. मग दिएगो शांतपणे मेणबत्तीचा वरचा तुकडा उचलून दाखवतो. वार आरपार गेलेला आहे. एस्तेबानला आता पहिल्यांदा कळतं, की इतके दिवस आपण ज्याची टर उडवली तो कोण आहे. पुढचा सगळा झगडा त्या एका क्षणाच्या जोरावर चालतो. संवाद जेमतेम; जे सांगायचं ते मेणाच्या तुकड्याने सांगितलं.

यामागे एक शिस्त होती. बेल्जियमहून आलेला फ्रेड कॅव्हन्स हा या काळातला मोठा तलवार-उस्ताद. पडद्यावरच्या हालचाली स्पर्धेतल्यापेक्षा मोठ्या हव्यात, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही दिसतील. पण त्या चुकीच्या असता कामा नयेत, हा त्याचा आग्रह. वार, अडवणूक, उलटवार ही साखळी तुटता कामा नये. त्यामुळे या लढती पाहताना, तलवारीतलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही कोण वरचढ आहे, कोण दमलाय, कोण डाव टाकतोय हे समजतं. कॅमेरा मागे उभा राहतो आणि पाय दाखवतो, हे त्याचं कारण. पाय दिसले की खोटं लपत नाही.

अर्थात कधीकधी खोटं लपवावंच लागायचं. ‘द सी हॉक’ (१९४०) मध्ये खलनायक हेन्री डॅनियल. थंड डोळ्यांचा उत्तम नट, पण हातात तलवार धरायची पंचाईत. दिग्दर्शक मायकेल कर्टिझने त्याच्या जागी राल्फ फॉकनर या ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या तलवारबाजाला लढवलं, डॅनियलचे चेहरे मध्ये मध्ये पेरले आणि उरलेलं काम भिंतीवरच्या प्रचंड सावल्यांकडून करून घेतलं. सावल्यांची हौस कर्टिझला आधीपासूनच होती. ‘रॉबिन हूड’मध्येही लढणारे खांबाआड जातात आणि काही क्षण नुसत्या सावल्याच झुंजतात. पण ‘सी हॉक’मध्ये अडचणीतून निघालेली वाट शोभेची झाली. आज अशी अडचण आली तर संगणकाकडे बोट दाखवतील, आणि ते कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

या सगळ्याची सुरुवात मूकपटांत, डग्लस फेअरबँक्सपासून. १९२०चा ‘द मार्क ऑफ झोरो’, मग ‘द थ्री मस्केटिअर्स’, ‘रॉबिन हूड’, १९२४चा ‘द थीफ ऑफ बगदाद’, १९२६चा दोनरंगी टेक्निकलरमधला ‘द ब्लॅक पायरेट’. फेअरबँक्स तलवारबाज म्हणून बेताचाच. तो उड्यांचा माणूस. शिडात सुरी खुपसून, शीड फाडत सर्रकन खाली येणं ही त्याचीच करामत, आणि तिच्यामागे युक्ती होती हे माहीत असूनही मजा कमी होत नाही. त्याची ही मजा मुंबईलाही पुरेपूर कळली होती. १९२७-२८मध्ये दिवाणबहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी करणारी सरकारी समिती नेमली गेली. तिच्या अहवालात ‘थीफ ऑफ बगदाद’च्या हिंदुस्थानातल्या अफाट लोकप्रियतेची नोंद आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले मास्टर विठ्ठल पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत असे गाजले, की लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. १९३१मध्ये ‘आलम आरा’चे नायकही तेच झाले, पण त्यांचं खरं राज्य होतं ते बोलावं न लागणाऱ्या काळात, घोड्यावर आणि गच्चीच्या कठड्यावर.

बोलपटाने काही वर्षं ही जात मागे ढकलली. ती परत आली ती ‘कॅप्टन ब्लड’ने, तीही जवळजवळ अपघाताने. रॉबर्ट डोनाट यायचा होता, तो आला नाही. वॉर्नर ब्रदर्सनी टास्मानियात जन्मलेला, कुणी फारसा न ऐकलेला फ्लिन उभा केला. संगीताला व्हिएन्नाचा एरिक वुल्फगांग कॉर्नगोल्ड. वेळ इतका अपुरा, की काही जागी त्याला जुना संगीतकार लिस्ट याची रचना घ्यावी लागली. म्हणून श्रेयनामावलीत आपलं काम संगीत-योजना एवढंच लिहा, असा त्याने हट्ट धरला. पुढे १९३८च्या सुरुवातीला ‘रॉबिन हूड’साठी त्याला व्हिएन्नाहून बोलावून घेतलं. तो अमेरिकेत पोहोचला आणि मार्चमध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. तो ज्यू होता. ‘रॉबिन हूड’ने माझा जीव वाचवला, असं तो नंतर म्हणत असे. या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळालं ही त्या मानाने किरकोळ बाब.

पुन्हा एकदा यादी पाहा: दिग्दर्शक बुडापेस्टचा, संगीतकार व्हिएन्नाचा, तलवार-उस्ताद बेल्जियमचा, नायक टास्मानियाचा, खलनायकाचा जन्म जोहान्सबर्गचा. शेरवूडचं जंगल उभं केलं कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या बिडवेल पार्कमध्ये. इंग्लंडच्या इतक्या झळाळत्या आठवणीला इंग्लंडची माती जवळपास लागलेलीच नाही. म्हणूनच कदाचित ते इंग्लंड असं लखलखीत आहे. तीनरंगी टेक्निकलरमध्ये फ्लिन खांद्यावर मारलेलं हरीण टाकून प्रिन्स जॉनच्या भरल्या मेजवानीत शिरतो, ते धाडकन त्याच्यासमोर टाकतो आणि खुशाल जेवायला बसतो. राजद्रोहाच्या गोष्टी तो तोंडातला घास चावत, हसत हसत बोलतो. कर भरता न आल्याने छळली जाणारी सॅक्सन माणसं त्याआधी आपण पाहिलेली असतात. १९३८ सालच्या युरोपकडे ज्यांचे डोळे लागले होते त्यांना यातलं काय काय दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको. ‘सी हॉक’मध्ये तर झाकपाकच नाही: स्पेनचा राजा फिलिप भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहतो आणि त्याची सावली जगावर पसरते. ब्रिटन तेव्हा एकटं लढत होतं.

आता उधारीची बाजू. या बंडखोरांचं बंड चांगला राजा परत येईपर्यंतच. रिचर्ड आला की रॉबिन गुडघे टेकतो. समुद्री चाचा झालेला डॉक्टर ब्लड शेवटी गव्हर्नरच्या खुर्चीत बसतो. अन्याय एका वाईट माणसाचा, व्यवस्थेचा कधीच नाही. त्याहून खुपणारी गोष्ट गुलामीची. ‘कॅप्टन ब्लड’मध्ये जमैकाच्या बाजारात गोरा डॉक्टर विकला जातो आणि चित्रपटाचा सगळा संताप त्याच्यासाठी खर्ची पडतो, जमैका ज्यांच्या घामावर उभा राहिला त्या आफ्रिकी माणसांकडे कॅमेरा वळत नाही. ‘सी हॉक’चा नायक थॉर्प स्पॅनिश जहाजावर वल्ही मारणाऱ्या इंग्रज कैद्यांच्या साखळ्या तोडतो. तो बेतला आहे इंग्रज दर्यावर्दी ड्रेकवरून, आणि ड्रेक तरुणपणी हॉकिन्स या दुसऱ्या दर्यावर्दीच्या गुलाम वाहणाऱ्या मोहिमांत होता. बायकांच्या वाट्यालाही बहुधा सज्जातून पाहणंच. ‘रॉबिन हूड’मधली ऑलिव्हिया डी हॅविलंडची मॅरियन त्यातल्या त्यात बरी, निदान कट रचते आणि त्यापायी मृत्यूची शिक्षा ओढवून घेते. ‘अ‍ॅन ऑफ द इंडीज’ (१९५१) हा नायिकेच्या हाती जहाज देणारा एकटादुकटा चित्रपट. हे सगळं ठाऊक ठेवूनच हे चित्रपट पाहावेत. मी तसंच पाहतो आणि मला ते तरीही आवडतात.

या जातीचा शेवटचा बहर १९५२चा. त्या एका वर्षात ‘स्कॅरामूश’ आणि ‘द क्रिमझन पायरेट’ आले. दुसऱ्यात बर्ट लँकेस्टर आणि निक क्रॅव्हॅट हे सर्कशीतले जुने जोडीदार डोलकाठ्यांवरून अशा कोलांट्या मारतात, की कथा कुणी विचारत नाही. सुरुवातीलाच नायक प्रेक्षकांकडे वळून, दिसेल त्यातलं निम्मंच खरं धरा, असं बजावतो. ‘स्कॅरामूश’चं प्रकरण वेगळं. शेवटची लढत साडेसहा मिनिटांच्या आसपास, संपूर्ण नाट्यगृहभर. प्रेक्षकांच्या सज्जाच्या अरुंद कठड्यावरून स्ट्यूअर्ट ग्रेंजर आणि मेल फेरर तोल सावरत लढतात, तिथून जिन्यावर, खुर्च्यांवरून, मग रंगमंचावर, पडद्यामागच्या दोरांत. पार्श्वसंगीत नाही. फक्त पोलादाचा आवाज, धापा, आणि मधूनच प्रेक्षकांतल्या कुणाचा दबलेला हुंकार. फेरर नर्तक होता, ते त्याच्या प्रत्येक पावलात दिसतं. ग्रेंजरचा नायक याच शत्रूकडून आधी मार खाऊन, उस्तादाकडे शिकून आलेला असतो; त्यामुळे प्रत्येक वार आपल्याला ओळखीचा वाटतो. माझ्या मते यावर ताण करणारी तलवारीची लढत नंतर झाली नाही.

पुढची वाताहत थोडक्यात. टेलिव्हिजन आला, खर्च वाढले, फ्लिन दारूत गेला आणि १९५९मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला. १९५६च्या ‘द कोर्ट जेस्टर’मध्ये डॅनी केने या सगळ्याची खिल्ली उडवली, समोर साक्षात रॅथबोनला उभं करून. आणि १९८१मध्ये ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’च्या बाजारातल्या प्रसंगात काळ्या झग्यातला तलवारबाज जोरदार पट्टे फिरवतो, इंडियाना जोन्स वैतागून पिस्तूल काढतो आणि त्याला एका गोळीत गार करतो. मुळात तिथे लांबलचक झुंज ठरली होती. ट्युनिशियात हॅरिसन फोर्डचं पोट बिघडलं आणि ती आटोपली. लोक खदखदून हसले. हसण्यासारखंच होतं.

तरी धागा अगदी तुटला नव्हता, आणि तो एका माणसाच्या मनगटाला बांधलेला होता. ब्रिटनचा ऑलिंपिक तलवारबाज बॉब अँडरसन. १९५३च्या ‘मास्टर ऑफ बॅलन्ट्रे’च्या वेळी त्याच्या तलवारीने फ्लिनची मांडी कापली होती. ‘स्टार वॉर्स’च्या पुढच्या भागांत डार्थ व्हेडरच्या मुखवट्यामागे लढणारा तोच. ‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७), ‘द मास्क ऑफ झोरो’ (१९९८), पहिला ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ (२००३), सगळीकडे त्याचा हात आहे. ‘पायरेट्स’मधली लोहाराच्या भट्टीतली चकमक आठवून पाहा: दोघे पूर्ण दिसतात, वार करता करता एकमेकांना टोमणे मारतात, वरच्या तुळयांवर तोल सांभाळतात. पुढच्या भागांत लाटा, भुतं आणि चाकं वाढत गेली, माणसं लहान होत गेली.

आज तलवार उगारली की चित्र संथ होतं, ढोल वाढतात आणि दर सेकंदाला कात्री चालते. आपले अलीकडचे ऐतिहासिकपटही याला अपवाद नाहीत. दांडपट्टा एकसलग फिरवू शकणारी पोरं कोल्हापूरच्या आखाड्यांत आजही आहेत, पण पडद्यावर दिसतो तो पट्ट्याचा तुकडा आणि गर्जणारा चेहरा. २०२३मध्ये फ्रेंचांनी ‘थ्री मस्केटिअर्स’ पुन्हा दोन भागांत काढला. लढती न कापता सलग दाखवायचा त्यांचा प्रयत्न प्रामाणिक आहे. पण कॅमेरा लढणाऱ्यांच्या इतका बरोबरीने धावतो, की तोच चौथा शिलेदार वाटतो. सगळं चिखलाच्या रंगाचं, आणि लढताना कुणाच्या चेहऱ्यावर हसू म्हणून नाही.