चालवत आणली, की ढकलत?

१९९६ सालची गोष्ट. आमच्या बेळगावातल्या एका लहानशा फिल्म सोसायटीत ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’ दाखवायचा होता. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातून सोळा मिलिमीटरची प्रिंट आली होती. मी तेव्हा नोकरीत नुकताच कायम झालेला, मराठी घेऊन एम. ए. झालेला सहशिक्षक. प्रास्ताविकाचे काम साहजिकच माझ्याकडे आले. दुपारी चाचणी घेताना प्रोजेक्टरचा पट्टा तुटला. कॅम्पातल्या एका गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावून आणले. सारे गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांनी कुठलासा पट्टा कापून, जोडून बसवला आणि “परत तुटला तर असू दे” म्हणून संध्याकाळी मागच्या खुर्चीवर बसून राहिले.

मी पंधरा मिनिटे बोललो. यंत्र आणि मानव यांच्यातील द्वंद्व, औद्योगिक संस्कृतीचे आक्रमण, जडाचे चेतनीकरण, असे बरेच काही. त्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात याच चित्रपटावर माझा लेखही आला होता. त्यात ‘प्रतीक’ हा शब्द किती वेळा आला होता ते आज मोजायला नको वाटते.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याचे पैसे द्यायला गॅरेजवर गेलो, तेव्हा चाचा म्हणाले, “सर, तुम्ही बोललात ते काय मला समजलं नाही. पण पिक्चर समजला. गाडी पाणी पिताना आवाज करतीच की हो. आम्ही रोज ऐकतोय. त्या माणसानं तेवढं सगळ्यांना ऐकवलं.”

गेली जवळजवळ तीस वर्षे हे वाक्य माझ्या डोक्यात आहे. चित्रपटातल्या जुन्या गाड्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारी माणसे यांच्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते या वाक्यापासूनच सुरू होते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बंगालीत ‘अजांत्रिक’, म्हणजे आपला ‘अयांत्रिक’. सुबोध घोष यांच्या कथेवर घटकांनी तो केला आणि १९५८ साली तो प्रदर्शित झाला. छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलुखात बिमल नावाचा टॅक्सीवाला आहे. ही भूमिका काली बॅनर्जी यांची. त्याची गाडी म्हणजे १९२०च्या सुमाराची एक मोडकी शेव्हरले. तिचे नाव जगद्दल. गावात नव्या गाड्या आल्या आहेत आणि सारे त्याची टिंगल करतात. तो मात्र जगद्दलशी बोलतो, तिला चुचकारतो, तिच्यावर रुसतो. तिच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतले की ती घटाघटा पिते. तिचे दिवे मान वळवावी तसे वळतात.

या घटाघटा आवाजाला मी ‘जडाचे चेतनीकरण’ म्हटले होते. चाचांनी सांगितले की नळ्यांत अडकलेली हवा पाणी आत जाताना बाहेर येते, त्याचा तो आवाज. घटकांनी तो हवेतून निर्माण केलेला नाही. होता तोच थोडा मोठा केला. त्यांची कल्पनाशक्ती गाडीच्या बाहेरून आलेली नाही, ती बॉनेट उघडून आत गेलेली आहे. अली अकबर खाँ यांचे संगीत आणि गाडीची खडखड या चित्रपटात शेजारी शेजारी नांदतात, त्याचे कारणही हेच असावे.

चाचांचा दुसरा मुद्दा मला अधिक अडचणीत टाकणारा होता. बिमलच्या गाडीत एक तरुणी आपल्या प्रियकराबरोबर येते. पुढे तो तिला टाकून जातो आणि बिमलच्या मनात तिच्याविषयी काहीतरी हलते. ती आगगाडीने निघून जाते. त्यानंतर जगद्दल कुरकुरू लागते. बिमल होते नव्हते ते पैसे घालून तिला नवे भाग बसवतो. ती पुन्हा चालू लागते. मग तिची ताकद पाहण्यासाठी तो तिच्यात मोठमोठे दगड भरतो, आणि जगद्दल कायमची बसते. मी लिहिले होते: ‘यंत्राला प्रेम कळत नाही, हे अंतिम सत्य येथे प्रकट होते.’

चाचा म्हणाले, “तसं नाही सर. इंजिन बांधल्यावर हजारभर मैल तरी हळू चालवायला लागतंय. नव्या रिंगा बसायला पाहिजेत. हे त्याला माहीत नाही काय? एवढी वर्षं गाडी चालवलेला माणूस! त्यानं रागानं दगड घातले. गाडी त्याच्यावर अजून जीव लावते काय, ते बघायचं होतं त्याला.”

मी गप्प झालो. ही शोकांतिका यंत्र विरुद्ध मानव अशी नाहीच. जो माणूस आयुष्यभर गाडीच्या कलाने चालला, तो एकदाच तिची परीक्षा पाहायला जातो, आणि तेवढ्यात सारे संपते. असे आपण माणसांच्या बाबतीतही करतो, विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हमखास. आजारातून उठून शाळेत आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी फळ्याजवळ उभे करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मीही त्यांतला एक होतो.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय त्या काळच्या चित्रपटांत एवढ्या जुन्या शेव्हरले कुठून आल्या ते उमगत नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे, गाडी इथे उभी राहायची. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की नुसती जुळवणी नको, ज्यांना भाग इथे तयार करायचे आहेत त्यांनीच राहावे. १९५४ साली तो कारखाना बंद झाला. १९५७ साली अ‍ॅम्बॅसडर आली. म्हणजे १९५८ हे वर्ष नेमके सांध्यावरचे. अमेरिकन गाडी अजून रस्त्यावर आहे, पण तिचे भाग यायचे थांबत आले आहेत. तिला चालती ठेवायची तर मिस्त्रीचा हात आणि मालकाचा हट्ट, एवढेच भांडवल. त्या काळच्या प्रेक्षकाला जगद्दल ‘व्हिंटेज’ वाटली नसणार. त्याला ती ओळखीची अडचण वाटली असणार.

म्हणूनच त्याच १९५८ साली आलेला सत्येन बोस यांचा ‘चलती का नाम गाडी’ मला ‘अजांत्रिक’चा सख्खा भाऊ वाटतो. एक हसरा, एक रडका, एवढाच फरक. इथेही जुनी शेव्हरले आहे. अशोककुमार, अनूपकुमार आणि किशोरकुमार हे खरोखरचे तीन भाऊ, पडद्यावरही गॅरेज चालवणारे तीन भाऊ. पावसाळी रात्री मधुबालाची गाडी बंद पडते. किशोरकुमार ती दुरुस्त करतो आणि ती पैसे न देताच निघून जाते. सारी प्रेमकथा त्या पाच रुपये बारा आण्यांच्या थकलेल्या बिलातून जन्म घेते.

समीक्षक या चित्रपटाच्या गाण्यांविषयी आणि विनोदाविषयी लिहितात, ते योग्यच आहे. पण त्या विनोदाच्या बुडाशी कामाचा मोबदला आहे, हे सहसा कोणी लिहीत नाही. मी चाचांना याविषयी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “बरोबर केलं त्यानं. पहिलं पैसे मागितलं, मग प्रेम केलं.” इथे किशोरकुमारचा नायक तेलकट हातांचा आहे, आणि मधुबालेसारख्या रूपवतीसमोर त्याला त्या हातांची लाज वाटत नाही. आपल्या चित्रपटांत नायकाच्या अंगाला इतके खरे काम चिकटलेले क्वचितच दिसते.

सत्यजित राय यांनीही १९६२ साली ‘अभियान’मध्ये एका जुन्या क्रायस्लरला असेच कामाला लावले. नरसिंह हा तिथला टॅक्सीवाला, भूमिका सौमित्र चॅटर्जींची. गाडी म्हणजे त्याची अब्रू. एका साहेबाच्या गाडीला मागे टाकण्याच्या नादात तो परवाना गमावतो, तेव्हा त्याची भाकरी आणि त्याचा रजपुती अभिमान एकदमच जातात.

ही झाली पोटासाठी गाडी ठेवणारी माणसे. ज्यांचे पोट गाडीवर नाही, नुसता जीव आहे, त्यांचे काय? त्यांच्यावरचा सर्वात चांगला चित्रपट इंग्लंडमध्ये झाला. हेन्री कॉर्नेलियस यांचा १९५३चा ‘जेनेव्हीव्ह’. लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची फेरी तिथे दरवर्षी निघते. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारींवरची जाचक वेगमर्यादा शिथिल झाली, त्या दिवसाची ती आठवण. या फेरीत अ‍ॅलन आपली १९०४ची दराक, म्हणजेच जेनेव्हीव्ह, घेऊन उतरतो. त्याचा मित्र स्पायकर घेऊन येतो. चिडाचिडीतून परतीच्या प्रवासात शंभर पौंडांची पैज लागते. अ‍ॅलनची बायको या वेडाला विटलेली आहे. इथवर आपल्याला वाटते, हौशी लोकांची ही नुसती टवाळी आहे.

मग शेवटाजवळ एक प्रसंग येतो. शर्यत अटीतटीला आलेली असताना एक म्हातारे गृहस्थ अ‍ॅलनच्या गाडीपाशी येतात. त्यांच्याकडेही कधीकाळी दराक होती. त्या गाडीत त्यांच्या तरुणपणाच्या आठवणी आहेत. एकेक क्षण मोलाचा असताना अ‍ॅलन त्यांच्याशी सावकाश, आदराने बोलतो. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरचा राग तिथे उतरतो. ज्या हौसेमुळे माणूस माणसाला पारखा होतो ती कोणती आणि ज्या हौसेमुळे अनोळखी म्हाताऱ्यासाठी पैज घालवायची तयारी होते ती कोणती, हा भेद दिग्दर्शकाने एकही उपदेश न करता दाखवला आहे.

या तुलनेत अलीकडचे काळ-चित्रपट पाहिले की मला चुटपुट लागते. १९५०चा काळ दाखवायचा ना? मग दारात एक लखलखीत जुनी गाडी उभी करा. तिच्यावर धूळ नाही, खाली तेलाचा डाग नाही, कुणी हँडल मारून घामाघूम झालेला नाही. ती गाडी नसते, ते फर्निचर असते. प्रेक्षकातले हौशी मॉडेल ओळखून खूश होतात आणि दिग्दर्शकाला वाटते काळ उभा राहिला.

कायद्यानेही हीच वाट धरली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. नियमामागची कारणे मला कळतात. तरी मनात येते, जगद्दल आज असती तर तिला मान मिळाला असता आणि तिचे काम गेले असते. यातले बिमलने काय पत्करले असते?

अर्थात हौशी मंडळींविषयीचा माझा हा सूर पूर्वी याहून कडवट होता. तो कसा निवळला ते सांगतो. आमच्या गावातल्या एका वकिलांची लँडमास्टर होती. चाचांनी ती तीस वर्षे सांभाळली. वकील गेले, गाडी पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी नेली. पुढे ती चकाचक होऊन एका चित्रपटात बंगल्याच्या दारात उभी दिसली. मी तावातावाने चाचांना जाऊन सांगितले, बघा, तुमच्या गाडीची बाहुली करून टाकली. चाचांनी एवढेच विचारले, “शूटिंगला चालवत आणली, की ढकलत?” मला उत्तर देता आले नाही.

२०१२च्या हिवाळ्यात ते गृहस्थच लँडमास्टर घेऊन गॅरेजच्या दारात आले. तिला पहिल्यापासून कोणी सांभाळले ते त्यांनी शोधून काढले होते. चाचा तेव्हा थकले होते, मुलगे काम पाहत. बातमी कळताच मी शाळा सुटल्यावर धावत गेलो. चित्रपटाचा विषय काढताच ते गृहस्थ कसनुसे हसले. “त्यांना फक्त तिचं तोंड हवं होतं. मी म्हटलं, निदान फाटकातून आत येताना तरी घ्या. तर म्हणाले, आवाजाचा त्रास होईल.”

चाचांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. गृहस्थ थोडे ओशाळले. “कोल्हापूरपर्यंत चालवत आणली. पुढे दोनदा ढकलली.”

चाचांनी उठून बॉनेट उघडले. “मग ठीक आहे,” ते म्हणाले. “पाणी आणा रे.”

पाणी ओतल्यावर तो आवाज आला. आम्ही तिघांनीही ऐकला. प्रतीक वगैरे काही बोलायचे मला त्या वेळी सुचले नाही.