जॉन रेनबर्नची गिटार आणि तिचे वारस

इंग्लंडमध्ये १९६०च्या सुमारापर्यंत मैफलीचा मान होता तो क्लासिकल गिटारला. पोलादी तारांची गिटार गायकाच्या गळ्यात, बहुतेक साथीपुरतीच. तिला स्वतंत्र आवाज देणारे वादक पुढे बरेच झाले, पण लोकगीत आणि अभिजात संगीत या दोन्हींचा चिवट अभ्यास जॉन रेनबर्नइतका (१९४४–२०१५) क्वचितच कुणी केला असेल.

वाट उघडली होती गिटारवादक डेव्ही ग्रॅहमने. मोरोक्कोत ऊद हे अरबी तंतुवाद्य ऐकून आल्यावर त्याने तारा नव्याने जुळवल्या : जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी-ए-डी-जी-ए-डी. आपल्या हिशेबात सा-प-सा-म-प-सा. यात गांधारच नाही! त्यामुळे धून मेजर की मायनर, म्हणजे गांधार शुद्ध की कोमल, हे वादकाच्या हाती राहते आणि मोकळ्या तारांचा षड्ज-पंचम खाली घुमत राहतो. आयरिश आणि स्कॉटिश लोकधुनांना ही जुळणी फार मानवली.

रेनबर्न शाळेत क्लासिकल गिटार शिकला, मग ब्लूजकडे आणि लोकगीताकडे वळला. १९६७ साली गिटारवादक बर्ट जान्शबरोबर तो 'पेंटँगल' या वाद्यवृंदात आला. जॅकी मॅकशीचा नितळ गळा, जॅझमधून आलेले डॅनी थॉम्पसन (डबल बेस) आणि टेरी कॉक्स (ड्रम्स), आणि दोन गिटारी. त्यांची 'बास्केट ऑफ लाइट' (१९६९) ही तबकडी आजही ताजी वाटते.

रेनबर्नचे खरे काम मात्र 'द लेडी अँड द युनिकॉर्न' (१९७०) या तबकडीत आहे. तिच्यातले 'लामेंतो दि त्रिस्तान' चौदाव्या शतकातल्या इटालियन हस्तलिखितातून आले आहे. तिथे लिहिलेली आहे फक्त एकेरी धून. स्वरसाथ नाही, ठेका नाही. रेनबर्नचा अंगठा खर्ज सांभाळतो, बाकीची बोटे धून उलगडतात. विलंबित विलाप संपतो आणि त्याच स्वरसामग्रीतून 'ला रोत्ता' हे द्रुत नृत्य उसळते. शेजारीच बाखची साराबांद आहे आणि इंग्लिश लोकगीतही. तिन्ही एकाच हाताने, एकाच गांभीर्याने वाजवलेली. लोकसंगीत आणि दरबारी संगीत यांच्यातली भिंत त्या संगीताच्या मानाने बरीच अलीकडची आहे, हे इथे कानांना पटते.

सगळेच मला सारखे भावत नाही. रेनबर्नचा गाता गळा सामान्य होता, आणि १९६८च्या 'सर जॉन अलॉट' या तबकडीत जुन्या इंग्रजीचा थाट जरा जास्तच मिरवला आहे. पण नावाजलेला असूनही त्याने १९८०च्या दशकात डार्टिंग्टनच्या कलामहाविद्यालयात रीतसर संगीतरचना शिकायला प्रवेश घेतला, ही निष्ठा दुर्मिळ.

आपल्याकडे १९६७ सालीच 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीतून ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार घरोघरी पोचली. मींडेसाठी काब्रांनी ती आडवी ठेवली आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवली. रेनबर्नने पडदे तसेच ठेवून बोटांकडून दोन-तीन आवाज एकदम काढून घेतले. दोन्ही वाटा सारख्याच तोलामोलाच्या.

आजच्या फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी तारा छेडण्याच्या, वादनाबद्दल मात्र मला काळजी वाटते. मायकेल हेजेसने 'एरियल बाउंडरीज' (१९८४) या तबकडीत लाकडावरचे आघात आणि दोन्ही हातांचे तंत्र संगीतासाठी वापरले. त्याच्यामागून आलेल्या कितीतरी वादकांकडे तेवढे तंत्रच उरले आहे. वेग थक्क करतो, धून लक्षात राहत नाही. पिएर बेन्सुसाँ आणि मार्टिन सिम्पसन यांनी मात्र धून सोडलेली नाही.

गिटार शिकणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की नुसते वेगवान व्हिडिओ पाहू नका. 'द लेडी अँड द युनिकॉर्न' पूर्ण ऐका, आणि त्यातली एक तरी धून स्वरलिपी न पाहता कानाने उतरवून घ्या.